बायोडाट्यावरचा गुलाल

—न्हाय न्हाय, उठू नका पावणं, बसा. बसा म्हंतो न्हवं. शिरोलीवरनं एवढ्या गर्दीतनं आलासा आणि 'पोरगा हुशार हाय' एवढ्या एका वाक्यावर परत निघालासा व्हय? मला वाटलं तुमास्नी कळलं. बाकीच्यास्नी कळतंय. ह्याच खुर्चीत बसून लोक इचारत्यात, हंबीरराव, पोरगा कसा हाय — आणि मी काय करतो, हातातला कप खाली ठेवतो, खिडकीतनं जरा लक्ष्मीपुरीची वर्दळ बघतो आणि म्हणतो, "पोरगा... हुशार हाय." बास. त्या दोन शब्दांच्या मधी मी जी जागा सोडतो न्हवं, त्यात ज्येला जे भरायचं ते त्यो भरून घेतोय — कोण दारू भरतंय, कोण बाई भरतंय — आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडतंय, पत्रिका जुळंना म्हणून. मी कुणाबद्दल वाईट शब्द काढत न्हाय. सगळी हयात वधू-वर सूचक चालवण्यात गेली, चौकशीला आलेल्या माणसाफुडं कुठं गप बसायचं हीच आमची विद्या. पण तुम्ही शिरोलीच्या फौंड्रीतलं माणूस, तुमास्नी गप बसलेलं ऐकू येत न्हाय. तुम्ही म्हणतासा, हुशार हाय ते आमास्नी बी म्हाईत हाय, फुडं बोला. बरं. बोलतो. चहा घ्या तंवर, गार हुतोय.

कसं? मला कसं कळलं म्हंजे? आवं, तुम्हीच न्हाय का काल फोन — न्हाय, खरं हाय, फोन मी केलता. 'राजवीरचं स्थळ बघताय, एकदा चौकशीला येऊन जावा' म्हणून मीच बोल्लो. आणि तुम्ही कुणाला सांगिटलं न्हवतं, व्हय? घरातल्या घरात बघत हुतासा? असू दे की. ब्युरो माझा, वेबसाईट माझी, मला कळणार न्हाय तर कुणाला कळणार. त्येच्यावर बी येतो, दमा जरा. आधी राजवीर कोण ते ऐका.

राजवीर आमच्याच गल्लीतला. कृष्णातरावांचा धाकटा. बारका हुता तवापासनं आमच्या घरात, आमच्या तेजस्वीच्या — माझी पोरगी, एकुलती एक — तिच्या वर्गात. इंजिनिअरिंगला गेला आणि एक दिवस मला म्हणतोय, तात्या, ह्या फायली किती दिवस सांभाळणार, ब्युरोची वेबसाईट करू या. आणि केली त्येनं, झकास केली, खोटं कशाला बोलू. पोरीचा फोटो, पोराचा फोटो, शिक्षण, शेती, मामाचं गाव, अपेक्षा — सगळं फोनवर. घरबसल्या स्थळं बघायची, पसंत पडलं तर तिथनंच निरोप धाडायचा. पण बायोडाटा म्हटलं की वर देवाचं नाव आलं, आणि देवाचं नाव आलं की आपली माणसं ऐकत्यात व्हय? वाडीचं एक पावणं — जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान हाय त्यांचं — ते म्हणाले, आमच्या पोराचा बायोडाटा उघडला की वरनं गुलाल पडायला पायजे. खराखुरा पडल्यासारखा. राजवीरनं पाडला. झालं. त्येचा पडतोय मग आमचा का न्हाय — सगळा जिल्हा माझ्या दारात. एकाला गुलालासंगं हलगी वाजायला पायजे, एकाला शर्यतीची बैलं पळायला पायजेत, एका आजीबाईला समई, आणि ज्योत हलायला पायजे, नुसता फोटो नको. ते पोरगं एकेकाचं करून करून कावलं. शेवटी म्हणालं, तात्या, देवाच्या नावाची जी चौकट हाय ती मी मोकळी सोडतो, ज्येला जे पायजे ते त्येनं आपल्या भाच्या-पुतण्याकडनं लिहून आणावं आणि त्यात चिकटवावं. आता कोल्हापूरकडं असं एक घर दाखवा ज्यात कंप्युटर शिकलेला भाचा न्हाय. लई चाललं. दुसऱ्या ब्युरोंच्या बायोडाट्यावर नुसतं 'प्रसन्न' लिहिलेलं असायचं, आमच्यावर गुलाल पडायचा. लांबनं लांबनं लोक यायला लागले.

आता हितंच तर मेख हाय, नीट ऐका. गुलाल पडतोय म्हंजे काय हुतंय? त्या चौकटीत नुसतं नाव न्हाय, हुकूम लिहिलेला असतोय. स्क्रिप्ट म्हणत्यात त्येला. तुम्ही बायोडाटा उघडला की तुमच्या फोनातला ब्राउझर त्यो हुकूम वाचतोय आणि पाळतोय. गुलाल पाड म्हटलं, पाडला. हलगी वाजीव म्हटलं, वाजीवली. आणि दुसरं कायतरी कर म्हटलं — ते बी केलं. त्येला काय कळतंय? पान हंबीररावांच्या ब्युरोचं हाय, म्हंजे त्यातला हुकूम बी हंबीररावांचाच. लग्नाच्या पंगतीत वाढपी इचारतोय का, तू कुणाकडचा म्हणून? पोरीकडच्यास्नी वाटतंय पोराकडचा, पोराकडच्यास्नी वाटतंय पोरीकडचा, आणि त्यो बाबा जिलेबी हाणून जातोय. तसंच.

आणि हे राजवीरला म्हाईत हुतं. लिहून घ्या. नोकरी लागून बेंगळूरला गेला, आणि तिथनं त्येनं मला फोन केलता — एकदा न्हाय, लई वेळा — तात्या, ती चौकट बंद करू या, कोण बी कायबी घुसवंल, मी चार ठरलेल्या सजावटी देतो, लोकास्नी त्यातलीच एक निवडू द्या. मी म्हटलं, गप रं बाबा, गुलाल बंद केला तर गिऱ्हाईक जाईल. म्हंजे बघा. बघताय न्हवं? भोक कुठं हाय, त्यातनं काय काय आत येतंय, सगळं त्येला आधीच म्हाईत हुतं. ज्येनं केलं न्हाय त्येला एवढं म्हाईत असतंय व्हय? — काळजीनं सांगत असंल म्हणतासा. तुम्ही लई भोळं माणूस दिसतासा, पावणं.

कारण? कारण हाय की. कृष्णातराव आलते एकदा आमच्यात, टोपी घालून, संगं दोघं शहाणी माणसं. राजवीरला तेजस्वी द्या म्हणून. तवा त्येला नोकरी लागायची हुती. माझ्याकडं बसायला चार माणसं आलती, ब्युरोचीच, आणि मी — आता चेष्टेत बोलतोय माणूस — मी म्हटलं, कृष्णातराव, वेबसाईट करून दिली म्हणून पोरगी द्यायची म्हंजे उद्या बोर्ड रंगवणारा बी मागायला येईल. हसली सगळी. कृष्णातराव बी हसले. चहा पिऊन गेले. त्येनंतर राजवीर घरात आला न्हाय, कामाचं तेवढं फोनवर बोलायचा. तेजस्वी आठ दिवस — न्हाय, तिचं काय न्हवतं त्यात. तिनं मला कधी तसं सांगिटलं न्हाय. मी इचारलं बी न्हाय, आपल्यात इचारत्यात व्हय? वधू-वर सूचकवाल्याची पोरगी, तिला स्थळ म्हंजे कसं दणक्यात पायजे. मी बघितलं हुपरीचं. पृथ्वीराज, घरात पैंजणाचा कारखाना, हाताखाली माणसं, सासू-सासरे देवमाणसं. ठरलं. सुपारी फोडायचा दिवस धरला. आदल्या दिवशी घरात नुसती लगबग, हिचं आहेराचं चाललंय, बहिणी आल्यात, आणि मी म्हटलं, दोन मिनिटं ब्युरोचं काम उरकून घेऊ.

एक नवा बायोडाटा आलता मंजुरीला. कुणीतरी आदर्श म्हणून. नाव खोटं, फोटो खोटा, ते मागनं कळलं. बायोडाटा येतोय, मी उघडून बघतोय, बरा असला तर मंजूर करतोय — रोजचं हाय माझं. उघडला. वरनं गुलाल पडला. मी म्हटलं, छान. मंजूर केला आणि उठलो. आणि त्या गुलालामागं एक ओळ हुती, पावणं. एवढीशी. मी सकाळी पासवर्ड टाकून आत शिरलो की वेबसाईट माझ्या ब्राउझरच्या छातीला एक बिल्ला लावती — मंडपात स्वयंसेवकास्नी लावत्यात तसा — मग दिवसभर त्येला कोण अडवत न्हाय. त्या ओळीनं काय केलं, त्योच बिल्ला वापरला. माझा पासवर्ड चोरला न्हाय, कुलूप तोडलं न्हाय. मी उघडून बसलोच हुतो की. मी पानाकडं बघत असतानाच माझ्या नावानं, मालकाच्या खात्यातनं, ब्युरोच्या झाडून सगळ्या घरास्नी निरोप गेला. 'माझ्या मुलीचं लग्न आधी एका ठिकाणी ठरून मोडलं आहे. हे मी हुपरीच्या पाहुण्यांपासून लपवलं. माफी असावी. — हंबीरराव.' माझं नाव. माझा फोटो. आणि मी गुलाल बघतोय.

घंटाभरात हुपरीचा फोन. मी म्हटलं, मी न्हाय लिहिलं. ते म्हणाले, मग कुणी लिहिलं, तुमच्याच खात्यातनं आलंय. मी म्हटलं, मला म्हाईत न्हाय. आता तुम्ही सांगा, तुम्ही त्यांच्या जागी असतासा तर इश्वास ठेवला असतासा? बाप स्वतः लिहितोय पोरीबद्दल. दुसऱ्या कुणी चुगली केली असती तर चौकशी तरी केली असती त्यांनी. बापाच्या फुडं कुणाची चौकशी करायची? दुसऱ्या दिवशी कोण आलं न्हाय. नारळ तसेच, पेढे तसेच, बहिणी गपचूप आपापल्या गावाला गेल्या. आणि वाईट म्हंजे काय, मी आयुष्यभर लोकास्नी सांगत आलो, पोरीच्या बापानं काय लपवू नये. तेच वाक्य लोकांनी माझ्या तोंडावर मारलं. बाजारात भेटले की म्हणायचे, हंबीरराव, खरं बोललासा ते बरं केलं, पण आधी बोलायचं हुतं. मी काय म्हणू? ब्राउझरनं केलं म्हणू? म्हणून बघितलं की. हसायला लागले. तेजस्वी पुण्याला नोकरी धरून गेली. गौरीला आली न्हाय, दिवाळीला आली न्हाय. फोन केला की आईला द्या म्हणती. जाताना एवढंच म्हणाली, बाबा, आधी ती चौकट बंद करा. पोटची पोर, आणि माझ्याबद्दल काय न्हाय, चौकटीबद्दल. तवा मी ठरवलं. ज्येनं माझ्या पोरीचं मोडलं त्येचं मी हुऊ देणार न्हाय. जिता हाय तंवर न्हाय.

पोलिसात गेलतो की. तिथल्या बाई चांगल्या हुत्या, लेकीच्या वयाच्या, बसवून घेतलं, ती ओळ काढून दाखवली, सगळं समजावून सांगिटलं — वाढप्याचं त्यास्नीच पटवून दिलं मी, त्या म्हणाल्या अगदी बरोबर, तात्या. पण कुणी केलं? बस स्टँडजवळच्या कुठल्यातरी फुकटच्या वायफायवरनं आलंय म्हणाल्या, नाव सापडंल असं वाटत न्हाय. आणि सारखं तेच, ती चौकट आजच्या आज बंद करा, त्यात आलेलं काय बी हुकूम म्हणून चालायला नको, नुसतं अक्षर म्हणून दिसायला पायजे, बाकीच्या घरांचं बी असंच हुईल. हो हो म्हटलं. घरी आलो. आणि ती ओळ मी जपून ठेवली. रोज काढून बघायचा. काय कळत न्हवतं सुरवातीला, मग फोनवर शिकवायचे व्हिडिओ बघितले, कानात घालून, हिला वाटायचं कीर्तन ऐकतोय. हळूहळू कळलं. एवढं अवघड न्हाय वो. हितला पत्ता बदलायचा, तिथला निरोप बदलायचा. हुकूम कुणाचा बी पाळतंय ते.

मग पेढे घेतले आणि कृष्णातरावांच्या घरी गेलो. स्वतः. म्हटलं, झालं ते झालं, राजवीर मला पोरासारखा, त्येचं स्थळ मी बघणार. कृष्णातरावांच्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं. बायोडाटा त्यांनीच लिहून दिला, आणि म्हणाले काय — तात्या, आमच्या बी पोराच्या बायोडाट्यावर गुलाल पाडा. म्हटलं, पाडतो की. लई झकास पाडतो. आणि गुलालामागं ठेवली ती ओळ. त्येच्याच भोकातनं, त्येच्याच हत्यारानं. आता राजवीरचा बायोडाटा जो उघडंल त्येचं नाव-गाव मला कळतंय, त्येनं अजून कुणाकुणाला काय निरोप धाडलाय ते बी दिसतंय. मग मी फोन करतो. चौकशीला या म्हणतो. कागलची माणसं आलती, गडहिंग्लजची आलती, पार निपाणीची आलती, कानडी बोलणारी, त्यास्नी तर 'हुशार' बी म्हणायला लागलं न्हाय, नुसता कप ठेवला. सगळी उठून गेली. तवा कृष्णातराव म्हणायचे, तात्या, पोराच्या नशिबात काय हाय कळंना, तुम्ही तेवढा प्रयत्न सोडू नका. मी म्हणायचो, सोडत न्हाय.

काय झालं? असं का बघताय? — तुमचं? व्हय, तुमचं बी दिसलं. दिसणारच, तुम्ही उघडलासा न्हवं. संयोगिता नाव न्हवं पोरीचं? आधी इचलकरंजीच्या स्थळाला तुम्ही हो म्हणून मग कळवतो म्हणालासा, ते बी वाचलं. मी कुणाला सांगणार न्हाय, तसला माणूस न्हाय मी. एवढं तांबडं व्हायला काय झालं? मी तुमच्या वाईटावर न्हाय. तुमच्या पोरीचा फोटो, पत्ता, सगळं सुरक्षित हाय माझ्याकडं. — चौकट? चौकट उघडीच हाय की. बंद केली तर माझी ओळ बी बंद पडंल. कोण दुसरं घुसलं तर? आलं तर बघू. एवढ्या दिवसात कोण आलं न्हाय.

राजवीरच कशावरनं म्हंजे? मघापासनं काय सांगतोय मी? ती चौकट मोकळी हाय हे दोघास्नीच म्हाईत हुतं, मला आणि त्येला. — बोर्डावर? हां, खाली जिन्यापाशी बोर्ड हाय, 'बायोडाटा हवा तसा सजवा, देवाच्या चौकटीत काहीही चालेल.' वाचलासा व्हय येताना. ती जाहिरात झाली वो. जाहिरात कोण एवढं मनावर घेतंय. बरं, ते भाचे-पुतणे, ज्यांनी गुलालाचं लिहून आणलं, त्यास्नी बी — बरं, असतील. असतील शे-दोनशे. पण त्यास्नी माझ्या पोरीचं काय पडलंय? ज्येला 'बोर्ड रंगवणारा' म्हटलं त्येलाच पडणार की. पृथ्वीराजनं आधी नकार दिलेल्या घरांपैकी एखादं? ब्युरोतली कुणी जळणारी? तुम्ही मला इचारताय का सांगताय? पोलिसातल्या बाईंनी बी हेच काढलतं, एकाचंच नाव धरून बसू नका म्हणून. मी धरून बसलोय. मला धरायला कायतरी पायजे का नको? तुमच्या पोरीची सुपारी मोडू दे, मग या मला शिकवायला.

पसंत हाय म्हणतासा. पोरीला. रोज बोलत्यात फोनवर दोघं. येत्या रविवारी सुपारी हाय ते बी तुमच्या निरोपात वाचलंय मी, म्हणून तर फोन केला, न्हायतर कप ठेवून भागलं असतं. — हसती म्हणतासा, त्येचा फोन आला की. हसायची आमची बी. तिच्या वर्गात हुता न्हवं त्यो, जिन्यात दोघं अभ्यासाचं बोलत बसायची, ही आतनं हाक मारायची, एवढं हसायला काय हाय गं अभ्यासात... असू दे. ते काय सांगत हुतो मी? हां. तुम्ही ठरवूनच आलासा तर. हंबीरराव काय बी सांगू दे, पोरगा चांगला हाय. मग आलासा कशाला? नुसतं म्हातारा काय म्हणतोय बघायला?

आणि खरं बी वाटत न्हाय तुमास्नी. एक एवढीशी ओळ असलं करती हे पटत न्हाय. बापानंच लिहिलं असंल रागाच्या भरात आणि आता ब्राउझरवर ढकलतोय — बोलू नका, तोंडावर दिसतंय तुमच्या, तसलं तोंड मी लई बघितलंय. बरं. काढा फोन. काढा की, भिताय कशाला, तुमचाच फोन, तुमच्याच हातात हाय, मी हात बी लावत न्हाय. ब्युरो उघडा. पासवर्ड नको टाकायला, बिल्ला हाय तुमचा लावलेला. आता राजवीरचा बायोडाटा काढा. परत एकदा बघा, ज्येला पोरगी देणार त्येचं तोंड नीट बघा.

पडला का गुलाल? छान पडतोय न्हवं? अगदी चैत्रातल्या जोतिबाच्या डोंगरावानी. बघून घ्या सगळा, घाई न्हाय.

झालं. आता तुमचे धाडलेले निरोप उघडा. न्हाय, आलेले न्हवं — धाडलेले. वरचाच. वाचता येईना व्हय, चष्मा आणला न्हाय? मी सांगतो, पाठ हाय मला, काल दुपारी बसून लिहिलाय. 'कृष्णातराव, तुमच्या मुलाबद्दल चौकशीत फार वाईट कळलं. आमच्या मुलीला तो नको आहे, तिनंच नाही म्हटलं आहे. पुन्हा फोन करू नये.' खाली तुमचं नाव. तुमचा फोटो. मी हितं खुर्चीत बसलोय, हात टेबलावर हायत, बघा. कुणी लिहिलं मग?

ओरडू नका. खाली दुकानदार हायत. — पुसून टाकतासा? टाका की. तुमच्याकडचा पुसंल. तिकडं गेलाय त्यो गेला. आणि त्यो नुसता कृष्णातरावास्नी गेला न्हाय, राजवीरला बी गेलाय, बेंगळूरला. तिनंच नाही म्हटलंय, हे त्येला वाचू दे एकदा. एकटा बसून वाचू दे.

माझ्या पोरीनं काय केलं, म्हणतासा. संयोगितानं काय केलं. — काय न्हाय केलं. तेजस्वीनं तरी काय केलतं?

वाजला बघा. कृष्णातरावच हायत, नाव दिसतंय हितनं. उचला की. सांगा त्यास्नी, मी न्हाय लिहिलं म्हणून. खरं हाय न्हवं? खरंच हाय, मग सांगा. सांगा, हंबीररावानं ओळ घातलीया गुलालात — मी पेढे घेऊन गेलतो त्यांच्यात, बघू कुणाचं खरं वाटतंय. उचला, कट हुईल.

का? फोन खिशात घातलासा?

जावा आता. आणि जिन्यात बोला काय बोलायचं ते, हितं नको.